पटावर नाव आहे, पण पोरगं वर्गात टिकत नाही? ऑटिझम असलेल्या मुलांना गावच्या शाळेत असं शिकवता येतं

कासुर्डी (ता. दौंड) : शाळेच्या पटावर नाव आहे, गणवेश मिळालाय, खिचडीच्या हिशेबात ताटही आहे. पण पोरगं वर्गात जेमतेम अर्धा तास टिकतं. मग उठून व्हरांड्यात फिरतं, नाहीतर घरून कुणीतरी येऊन घेऊन जातं. हाक मारली तर बघत नाही. विचारलेला प्रश्नच परत म्हणतं. घंटा वाजली की कानावर हात ठेवून ओरडतं. "हट्टी आहे", "लाडानं बिघडलंय", "मोठं झालं की बोलेल" असं म्हणता म्हणता पहिलीची तिसरी होते, पण शिकणं काही सुरू होत नाही.

अशा मुलांपैकी काहींना ऑटिझम असतो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. कासुर्डीपासून पुणे सुमारे ४० किलोमीटर. तिथं प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या खास या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. पण दुधाच्या धारा, उसाला पाणी, कंपनीतली पाळी हे सगळं सांभाळून रोज लेकराला पुण्याला नेणं किती घरांना जमणार? त्यामुळे बहुतेक मुलांसाठी गावची शाळा हीच खरी शाळा. आणि त्या शाळेत शिक्षकांना आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टींना पुठ्ठा, चित्रं, दोन डबे आणि थोडी सवय एवढंच लागतं.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

ऑटिझम हा आजार नाही. मेंदूची जडणघडणच लहानपणापासून वेगळी असते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, खेळात मिसळणं अवघड जातं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं, ठरलेला क्रम मोडला की बिथरणं, आवाज, उजेड, वास किंवा स्पर्श यांचा फार त्रास होणं, हीही लक्षणं दिसतात. कुणाला यातलं थोडं असतं, कुणाला जास्त. काही मुलं अजिबात बोलत नाहीत, काही घडाघडा बोलतात पण गप्पा मारू शकत नाहीत. काहींना बौद्धिक अक्षमता किंवा फिट्स असतात, काहींना नसतात. म्हणून एका मुलाला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला पडेलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. या सरासरीनं हिशेब केला तर दोन हजार वस्तीच्या गावात पंधराएक माणसं निघतील. त्यातली कितीतरी "जरा वेगळा आहे" एवढ्याच ओळखीवर मोठी झालेली असतात.

काही गैरसमज मात्र आधीच दूर केलेले बरे. आईनं दुर्लक्ष केलं म्हणून ऑटिझम होत नाही. नजर लागून किंवा बाहेरचं काही होऊनही होत नाही. लसीमुळेही होत नाही. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ सालचा एक लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. 'तारे जमीन पर' सिनेमातल्या मुलाचा त्रास हाही ऑटिझम नव्हता, तो वाचन-लेखनाचा म्हणजे डिस्लेक्सियाचा होता. ऑटिझम मुळापासून घालवणारं औषध नाही. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्या उपचारांपासून तर चार हात लांबच राहावं. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्येच सांगितलं आहे. फरक पडतो तो योग्य शिकवण्यानं, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

वर्गात त्याला काय खटकतं?

आपल्याला साधा वाटणारा वर्ग या मुलाला बाजारासारखा वाटू शकतो. हायवेवरचे हॉर्न, पत्र्यावरचा पाऊस, पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातले पाढे, खिचडीच्या फोडणीचा वास, हे सगळं एकदम अंगावर येतं. आपला मेंदू त्यातलं नको ते बाजूला सारतो, त्याचा सारत नाही. त्यात पुढच्या तासाला काय होणार हे कळत नसलं की भीती वाढते. मग ते कान झाकतं, पळतं, ओरडतं किंवा हात हलवत एका जागी डुलत राहतं. हात हलवणं, डुलणं हा बऱ्याचदा स्वतःला शांत करण्याचा मार्ग असतो. कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवायची घाई करू नये.

म्हणून पहिलं काम वाचन किंवा पाढे नाही. वर्गात काय, कधी आणि किती वेळ होणार हे त्याला कळेल अशी सोय करणं हे पहिलं काम.

१. दिवसाची चित्रपट्टी

बोललेला शब्द कानावर पडतो आणि विरून जातो. चित्र समोर राहतं. ऑटिझम असलेली बरीच मुलं ऐकण्यापेक्षा बघून चांगलं समजतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७२ साली सुरू झालेल्या 'टीच' या कार्यक्रमानं याच गोष्टीवर शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली.

गावच्या शाळेत ती अशी करता येते. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी घ्या. परिपाठ, मराठी, गणित, जेवण, खेळ, घर अशी सहा-सात चित्रं वरून खाली क्रमानं लावा. चित्रं चिकटवू नका, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा, म्हणजे रोजचा क्रम बदलता येतो. मोबाईलवर आपल्याच शाळेचा नळ, फळा, मैदान यांचे फोटो काढून छापले तर आणखी चांगलं, कारण काही मुलांना दुसऱ्या शाळेचं चित्र आपल्या शाळेशी जोडता येत नाही. एक काम संपलं की मुलानं स्वतः ते चित्र काढून 'झालं' लिहिलेल्या डब्यात टाकायचं.

एखाद्या दिवशी खेळाचा तास होणार नसेल तर सकाळीच त्या चित्रावर फुली मारून दाखवावी आणि त्याजागी काय होणार ते लावावं. पाहुणे येणार, लसीकरण आहे, बाई रजेवर आहेत, असा बदल आधी दाखवला की निम्मा गोंधळ टळतो. पूर्ण दिवसाची पट्टी झेपत नसेल तर पाटीवर मधोमध रेघ ओढा. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. आधी पाच बेरजा, मग झोका. आणि बेरजा झाल्या की झोका मिळालाच पाहिजे. शब्द एकदा मोडला की पाटीवरचा विश्वासही मोडतो.

२. बसायची जागा आणि शांत कोपरा

दार, खिडकी आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, शिक्षकांच्या जवळ आणि शक्यतो भिंतीलगत जागा द्यावी. जागा रोज तीच असावी. मागच्या ओळीत बसवलं की मूल नजरेआड होतं आणि हळूहळू पटापुरतंच उरतं.

वर्गाच्या किंवा व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून शांत जागा करावी. फार त्रास झाला की त्यानं पाच-दहा मिनिटं तिथं बसायचं आणि परत यायचं. ही जागा शिक्षेची नाही, हे बाकीच्या मुलांनाही सांगून ठेवावं. घंटा वाजण्याआधी त्याला खूण करावी. लेझीम-ढोलाचा सराव, स्नेहसंमेलनाचे स्पीकर, मिरवणुकीतला डीजे यांच्या वेळी त्याला लांब थांबू द्यावं किंवा कान झाकू द्यावेत.

"माझ्या डोळ्यांत बघ" असा आग्रहही नको. काही मुलांना नजरेला नजर देणं सहन होत नाही. न बघताही ती ऐकत असतात.

३. कमी बोला, नेमकं बोला, मग थांबा

"चला बरं आता, सगळ्यांनी आपापली वही काढा, कालचा गृहपाठ दाखवा आणि फळ्यावरचं उतरवून घ्या," या एका दमात तीन कामं आहेत. या मुलाला एका वेळी एकच सांगावं. आधी नाव घ्यावं, मग "वही काढ". नंतर मनात दहापर्यंत मोजावं. त्याला ऐकलेलं समजून घ्यायला वेळ लागतो. मध्येच दुसऱ्या शब्दांत परत सांगितलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

"वही काढतोस का?" असं विचारलं तर "नाही" हे खरं उत्तर असू शकतं, तो उद्धटपणा नव्हे. "पळू नको" म्हणण्यापेक्षा "हळू चाल" म्हणावं, म्हणजे काय करायचं ते कळतं. "डोकं खाऊ नकोस", "कान उघडे ठेव" असली वाक्यं ही मुलं शब्दशः घेतात, म्हणून साधं बोलणं बरं.

४. कामाचे लहान तुकडे करा

टेबलाच्या डावीकडे एक डबा, उजवीकडे एक. डावीकडे करायची तीन कामं, उजवीकडे झालेली. किती करायचंय आणि कधी संपणार हे डोळ्यांना दिसतं, म्हणून मूल बसतं. सुरुवातीला पाच मिनिटांचं काम पुरे. पुढच्या महिन्यात दहा.

हात धुणं हेसुद्धा एक काम नसतं. नळ उघडणं, हात ओले करणं, साबण लावणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं अशा सात पायऱ्या आहेत. त्यांची चित्रं नळाजवळ लावावीत. मूल अडत असेल तर शेवटून शिकवावं. पहिल्या सहा पायऱ्यांना हाताला हात लावून मदत करायची आणि पुसणं त्यालाच करू द्यायचं. ते जमलं की नळ बंद करणं आणि पुसणं. रोज काम त्याच्या हातून पूर्ण होतं, त्यामुळे उमेद टिकते. दप्तर भरणं, बूट घालणं, ताट धुणं हे सगळं असंच शिकवता येतं.

५. त्याच्या आवडीतूनच धडा

एखाद्याला ट्रॅक्टर सोडून दुसरं काही सुचत नाही, तर एखाद्याला दौंड मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा पाठ असतात. "सारखं तेच काय?" म्हणून ते तोडण्यापेक्षा त्याचाच धडा करावा. उसाच्या ट्रॉल्या मोजता येतात, त्यांची बेरीज करता येते. गाड्यांच्या वेळांवरून घड्याळ शिकवता येतं. स्टेशनांच्या नावांवरून अक्षरं येतात. आवडीचा विषय असला की तेच मूल अर्धा तास बसतं, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

अमेरिकेतल्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन यांचं उदाहरण दूधवाल्या गावांना जवळचं वाटेल. त्यांना ऑटिझम आहे. जवळजवळ चार वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. जनावरांची त्यांना ओढ होती. पुढे त्यांनी जनावरं न घाबरता पुढे सरकतील अशा गोठ्यांची आणि वाटांची रचना केली आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञान शिकवलं. प्रत्येक मूल प्राध्यापक होईल असा याचा अर्थ नाही. आवड ही अडचण नसते, ती शिकण्याची वाट असते, एवढं मात्र यातून कळतं.

६. बोलता येत नाही, पण सांगता यायला हवं

तहान लागली, पोट दुखतंय, लघवीला जायचंय, नको आहे. हे सांगता आलं नाही की मूल रडतं, मारतं, स्वतःला चावतं. म्हणून पाणी, शौचालय, भूक, दुखतंय, मदत, नको, बास अशी सात-आठ चित्रकार्डं दोरीत ओवून त्याच्याजवळ द्यावीत. पाण्याचं कार्ड हातात दिलं की लगेच पाणी द्यायचं. कार्ड दिलं की गोष्ट मिळते, हे एकदा कळलं की ते स्वतःहून कार्ड आणतं. चित्रं देऊन बोलायची ही पद्धत अमेरिकेत १९८५ च्या सुमारास पुढे आली.

स्मार्टफोनवर याच कामाचं 'जेलो' नावाचं मोफत अॅप आहे. ते आयआयटी मुंबईत तयार झालं असून मराठीतही वापरता येतं. चित्राला बोट लावलं की फोन ते बोलून दाखवतो. "चित्रं दिली तर पोरगं बोलायचं थांबेल" ही भीती पालकांना असते. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं त्यामुळे वाढतं.

७. वर्गात करून घेण्यासारखे उपक्रम

निवडणं : हरभरे, मूग, तूर वेगवेगळ्या वाट्यांत लावणं. यातून रंग, आकार, मोजणी आणि बोटांची पकड येते. वस्तू तोंडात किंवा नाकात घालणारं मूल असेल तर कडधान्याऐवजी मोठी झाकणं किंवा ठोकळे द्यावेत.

पाळी : दोघांनी समोरासमोर बसून चेंडू ढकलायचा. "माझी पाळी", "तुझी पाळी" असं दर वेळी म्हणायचं. आधी एकच जोडीदार, मग तिघं, मग गोल. आट्यापाट्या किंवा कबड्डीच्या गोंधळात एकदम ढकलू नये.

नक्कल : टाळी, उडी, डोक्यावर हात. शिक्षकांनी करायचं, मुलांनी तसंच करायचं. हा खेळ सगळ्या वर्गाला घेता येतो, त्यामुळे त्याला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

छोटी गोष्ट : नव्या प्रसंगाआधी चार वाक्यं चित्रांसह वाचून दाखवायची. "उद्या शाळेत फोटो काढणार आहेत. फोटो काढताना दिवा चमकतो. तेव्हा मी डोळे मिटले तरी चालतं. मग मी वर्गात परत येतो." सहलीआधी, सुई टोचण्याआधी, नवे शिक्षक येण्याआधी अशी गोष्ट दोन-तीन दिवस रोज वाचावी.

अंगाचं काम : पाण्याची बादली उचलणं, वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेणं, झाडांना पाणी घालणं. अंगाला ताण देणाऱ्या कामानं काही मुलं शांत होतात, आणि वर्गात त्यांना मानाचं कामही मिळतं.

बिथरलं तर काय करायचं?

त्या वेळी शिकवायचं, समजवायचं किंवा रागवायचं नाही. आवाज कमी करावा, बाकीच्या मुलांना थोडं लांब न्यावं, डोकं आपटत असेल तर खाली मऊ काही द्यावं आणि जवळ शांत उभं राहावं. मारणं तर नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा करणं किंवा मानसिक त्रास देणं यावर बंदी आहे.

सगळं निवळल्यावर वहीत तीन ओळी लिहाव्यात : आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. पंधरा दिवसांत कारण सापडू लागतं. रोज खिचडी शिजताना बिथरत असेल तर वासाचा त्रास आहे. गणिताच्या वेळीच ओरडत असेल आणि दर वेळी बाहेर पाठवलं जात असेल, तर ओरडलं की गणित टळतं हे ते शिकलंय. मग गणित सोपं करायचं आणि 'बास' हे कार्ड द्यायला शिकवायचं. नेहमी शांत असणारं मूल अचानक बिथरू लागलं तर दात, कान, पोट दुखतंय का तेही बघावं. त्याला सांगता येत नाही.

विहीर, कालवा आणि हायवे

ही गोष्ट घरानं आणि शाळेनं सगळ्यात आधी ठरवायची. ऑटिझम असलेली बरीच मुलं न सांगता निघून जातात आणि कितीतरी मुलांना पाण्याची ओढ असते. या पट्ट्यात विहिरी आहेत, शेततळी आहेत, मुठा उजवा कालवा आहे आणि पुणे-सोलापूर हायवे आहे. हाक मारल्यावर मूल ओ देईलच असं नाही.

शाळेचं फाटक वेळेत लावावं. मधल्या सुट्टीत त्याच्यावर कोण लक्ष ठेवणार हे नावानिशी ठरवावं. खिशात किंवा पट्ट्याला घरच्यांचा मोबाईल नंबर असावा. वस्तीवरच्या, दुकानातल्या लोकांना "हे आमचं पोरगं, एकटं दिसलं तर थांबवा आणि फोन करा" एवढं सांगून ठेवावं. मूल सापडत नसेल तर पहिल्यांदा जवळच्या पाण्याकडे जाऊन बघावं आणि लगेच ११२ ला फोन करावा.

बाकीची मुलं आणि घर

वर्गातल्या पोरांना खरं सांगितलं की ती समजून घेतात. "याला मोठा आवाज सहन होत नाही, बोलायला वेळ लागतो, पण खेळायला आवडतं," एवढं पुरतं. दर आठवड्याला एक जोडीदार बदलत ठेवावा, म्हणजे एकाच मुलावर भार पडत नाही.

घर आणि शाळा यांनी एकच भाषा, एकच चित्रं, एकच शब्द वापरावेत. शाळेत 'शू' आणि घरी 'बाथरूम' म्हटलं तर मुलाला ते एकच आहे हे कळत नाही. दप्तरात एक वही ठेवावी. शिक्षकांनी आज काय जमलं ते लिहावं, घरच्यांनी रात्री झोप झाली का, काय खाल्लं ते लिहावं. आजी-आजोबांनाही चित्रकार्डं दाखवावीत, कारण दिवसातला मोठा वेळ मूल त्यांच्याजवळच असतं.

कायदा काय देतो, आणि मागायचं कुठं?

शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात अपंग मुलांचा स्पष्ट उल्लेख आला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा घ्यायची की विशेष शाळा, हे पालक ठरवू शकतात.

पहिली पायरी तपासणीची. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मुलाबद्दल मोकळेपणानं सांगावं. ऐकू येतं का, ही तपासणी आधी करून घ्यावी. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे मोबाईल अॅप आहे. त्यात प्रश्नांची उत्तरं भरून मुलाला कोणती अडचण असू शकते याचा अंदाज येतो. निदान मात्र डॉक्टरच करतात.

दुसरी पायरी विशेष शिक्षकांची. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रामार्फत विशेष शिक्षक शाळांना भेट देतात. मुख्याध्यापकांनी लेखी मागणी करावी आणि पालकांनी त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय नोंदवून घेतला की पाठपुरावा सोपा जातो. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांची चौकशीही तिथंच करावी.

तिसरी पायरी कागदांची. अपंगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करता येतो. नंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी कागद आधीच तयार हवेत. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून ते जमत नाही.

दोन शिक्षकी शाळेत हे जमेल का?

प्रश्न रास्त आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब, वर आणखी हे. सगळं एकदम जमणार नाही, आणि एकदम करायचंही नाही. विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येऊ शकतात याला मर्यादा आहेत, त्यामुळे रोजचा भार वर्गशिक्षकांवरच राहतो. तो हलका करण्यात पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं हात लावला पाहिजे. कार्डं कापणं, फोटो छापून आणणं, कोपऱ्यात सतरंजी देणं, मधल्या सुट्टीत थांबणं ही कामं गावातलं कुणीही करू शकतं. आणि चित्रपट्टी, छोट्या सूचना, कामाचे तुकडे यांचा फायदा पहिलीत नव्यानं आलेल्या, घाबरणाऱ्या किंवा मागे पडलेल्या बाकीच्या मुलांनाही होतो.

सुरुवात तीन गोष्टींनी करावी. पहिल्या आठवड्यात बसायची जागा आणि 'आधी-मग' पाटी. दुसऱ्या आठवड्यात पाणी, शौचालय आणि 'बास' ही तीन कार्डं. तिसऱ्या आठवड्यात दिवसाची चित्रपट्टी. महिन्याभरानं वही उघडून बघावी : पूर्वी अर्धा तास बसणारं मूल आता किती वेळ बसतं? पाच मिनिटं जरी वाढली असतील तरी वाट बरोबर आहे. वाढली नसतील तर चित्र बदला, वेळ बदला, जागा बदला आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना ती वही दाखवा.